जर्मन रसायनाचे शब्द आणि आपले शब्द



साहित्याच्या व्यासपीठावर रसायनशास्त्राला बोलावणे काहींना वावगे वाटेल. पण आज विचार करायचा आहे तो शब्दांचा, आणि शब्दांशी आपला व्यवहार जुना आहे. जर्मन लोकांनी रसायनाचे शब्द कुठून आणले, कसे घडवले, त्यांतले कोणते टिकले आणि कोणते गळाले, एवढे पाहू. मग त्याच उजेडात आपल्या मराठी परिभाषेकडे वळू. प्रश्न एकच आहे: नवा शब्द भाषेत रुजतो तो कशाच्या बळावर?

सुरुवात शाळेतल्या पाठांतरापासून करू. नववीतल्या मुलाला मूलद्रव्यांच्या खुणा पाठ कराव्या लागतात. हायड्रोजनची एच, कार्बनची सी, इथवर त्याला काही अडचण नसते. मग सोडियम येते आणि त्याची खूण निघते एन-ए. पोटॅशियमची के, टंगस्टनची डब्ल्यू. नावात अक्षर नाही ते खुणेत कुठून आले, असे मूल विचारते आणि बहुतेक वेळा 'लॅटिन आहे, पाठ कर' एवढ्यावर त्याची बोळवण होते. खरे उत्तर अधिक रंजक आहे. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ साली लंडनमध्ये हे दोन मऊ धातू प्रथम वेगळे केले आणि त्यांना सोडियम व पोटॅशियम ही नावे दिली. जर्मन मुलखात मात्र नाट्रियम आणि कालियम ही नावे रूढ झाली. स्वीडनचे बर्झेलियस यांनी १८१३-१४च्या सुमारास अक्षरांच्या खुणांची पद्धत घातली आणि पुढे खुणा कायम झाल्या त्या नाट्रियम-कालियमवरूनच. डब्ल्यू हे अक्षर वोल्फ्राम या जर्मन नावाचे. म्हणजे इंग्रजी पुस्तक वाचणारे आपले मूल नकळत जर्मन नावांची आद्याक्षरे घोकत असते.

यातले कालियम हे नाव अरबी 'अल-कली'वरून आले; कली म्हणजे वनस्पती जाळून उरलेली खारट राख. पोटॅशियम हे नाव 'पॉट-अ‍ॅश' म्हणजे मडक्यातल्या राखेवरून आले. मराठीत या द्रव्याला 'पालाश' म्हणतात. आयुर्वेदात पळसाच्या राखेपासून काढलेला पलाशक्षार प्रसिद्धच आहे. पोटॅशशी ध्वनीने जुळणारा आणि पळसाची राख आठवून देणारा असा हा दुहेरी गुणाचा शब्द आहे. अरबस्तानातला साबणवाला, युरोपातला मडक्यात राख उकळणारा आणि आपल्याकडचा वैद्य या तिघांनी एकाच पदार्थाला हात लावला होता. तिन्ही नावांच्या तळाशी राखच आहे.

खाणीतले चकवे

जर्मन रसायनाची सर्वांत जुनी शब्दसंपत्ती विद्यापीठांत जन्मलेली नाही. ती सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरच्या डोंगरांतून आली. त्या डोंगररांगेचे नावच 'एर्त्सगेबिर्गे', म्हणजे धातुकांचे डोंगर. तिथे शतकानुशतके चांदी, तांबे आणि कथील यांच्या खाणी चालत. खाणकामगारांना अधूनमधून असे धातुक सापडे की रंगरूप तांब्या-चांदीचे, पण भट्टीत घातले की धातू काही निघत नसे. वर आर्सेनिकचा विषारी धूर निघून माणसे आजारी पडत. आपल्याकडे रानात वाट चुकली की 'चकवा लागला' म्हणतात, तशीच त्यांची समजूत झाली. डोंगरातल्या 'कोबोल्ट' नावाच्या खोडकर भुताने चांगला धातू पळवून त्या जागी हा दगड ठेवला असे ते म्हणू लागले. दुसऱ्या एका फसव्या धातुकाला त्यांनी 'कुप्फरनिकेल' म्हटले. कुप्फर म्हणजे तांबे आणि निकेल हे एका वात्रट पिशाच्चाचे नाव.

पुढे स्वीडनमध्ये गेओर्ग ब्रांट यांनी १७३५च्या सुमारास पहिल्या धातुकातून एक नवा धातू ओळखला आणि १७५१ साली क्रोन्श्टेट यांनी दुसऱ्यातून आणखी एक. दोघांनीही भुतांची नावे पुसली नाहीत. कोबाल्ट आणि निकेल ही नावे तशीच राहिली. आज मोबाईलच्या बॅटरीत कोबाल्ट असते आणि स्टीलच्या भांड्यांत निकेल. खाणीतला चकवा आपल्या खिशात आणि स्वयंपाकघरात आला आहे.

वोल्फ्रामची गोष्ट याच जातीची. कथलाच्या धातुकात हा खनिज मिसळलेला असला की भट्टीत कथील कमी हाती येई. लांडगा मेंढ्या खातो तसा हा कथील खातो, असे कामगार म्हणत. खाणविद्येवर लिहिणाऱ्या आग्रिकोला यांनी १५४६ साली त्याची नोंद लॅटिनमध्ये 'लांडग्याचा फेस' अशा अर्थाच्या शब्दांनी केली.

सोनारांच्या आणि टांकसाळीच्या कामातूनही असेच शब्द आले. सोने आणि चांदी वेगळी करायला नत्राम्ल वापरतात. त्याला जर्मन कारागीर 'शायडेवासर' म्हणत, म्हणजे वेगळे करणारे पाणी. आपल्या लष्करच्या सराफ्यात याच कुळातल्या द्रवाला तेजाब म्हणतात. तो फारसी शब्द आहे; तेज म्हणजे तीक्ष्ण आणि आब म्हणजे पाणी. जर्मन सोनाराने पाण्याचे काम पाहून नाव ठेवले, फारसी बोलणाऱ्याने पाण्याचा स्वभाव पाहून. एवढेच काय, संपूर्ण रसायनविद्येलाच जर्मन भाषेत 'शायडेकुन्स्ट', म्हणजे पृथक्करणाची कला, असा अस्सल देशी शब्द होता. तो मात्र मागे पडला आणि अरबी 'अल-किमिया'च्या कुळातला 'शेमी' हा शब्द जिंकला. शेजारच्या डच भाषेत त्याच घडणीचा शब्द अजून नांदतो आहे. देशी म्हणून शब्द जगतोच असे नाही, आणि परका म्हणून मरतोही असे नाही, याचा हा पहिला दाखला.

चूक टिकते, शब्दही टिकतो

आता विद्वानांनी घडवलेल्या शब्दांकडे येऊ. १७८७ साली पॅरिसमध्ये ग्यितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी रसायनाची नवी परिभाषा प्रसिद्ध केली. त्यांचे सूत्र असे की, नावावरून पदार्थाची घडण कळली पाहिजे. ज्वलनाला आणि श्वासाला लागणाऱ्या वायूला लाव्हाझिए यांनी ग्रीक धातूंवरून 'ऑक्सिजन' म्हणजे 'आम्ल उत्पन्न करणारा' असे नाव दिले होते. प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्यांची खात्री होती. पाणी घडवणारा तो हायड्रोजन. हवेच्या ज्या भागात प्राणी जगत नाही तो 'अझोत', निर्जीव.

ही परिभाषा जर्मनीत सुखाने आली नाही. पदार्थ जळताना त्यातून 'फ्लोजिस्टन' नावाचे तत्त्व बाहेर पडते हा जुना सिद्धांत जर्मन श्टाल यांनी मांडलेला होता. नवे शब्द स्वीकारणे म्हणजे नवा फ्रेंच सिद्धांत स्वीकारणे. गोटिंगेनच्या लिख्टेनबेर्ग यांच्यासारख्या चिकित्सक पंडिताने सिद्धांत पक्का ठरण्याआधी नावे बदलण्याच्या घाईवर टीका केली. पण त्याच गावात राहणाऱ्या क्रिस्टोफ गिर्टानर यांनी १७९१ साली या नव्या परिभाषेचे जर्मन रूप मांडणारे पुस्तक काढले. ग्रीक धातूंच्या जागी जर्मन माणसाच्या तोंडचे शब्द आले आणि शेवटी 'श्टॉफ', म्हणजे द्रव्य, हे शेपूट लागले. ऑक्सिजन झाला 'झाउअरश्टॉफ', आंबट-द्रव्य. हायड्रोजन झाला 'वासरश्टॉफ', पाणी-द्रव्य. कार्बन झाला 'कोलनश्टॉफ', कोळसा-द्रव्य. नायट्रोजनला 'श्टिकश्टॉफ' म्हणू लागले, म्हणजे गुदमरवणारे द्रव्य. जर्मनीतली मुले आजही हेच शब्द शिकतात.

गंमत पुढे आहे. १८१० साली डेव्ही यांनी दाखवून दिले की मिठापासून काढलेल्या आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही. त्यातला हिरवट वायू हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे, त्याचे नाव क्लोरिन. १८३८ साली गीसेनचे यूस्टुस लीबिग यांनी सांगितले की, आम्लाला आम्लपण येते ते त्यातल्या हायड्रोजनमुळे. म्हणजे खरे पाहता 'आंबट-द्रव्य' हे नाव 'पाणी-द्रव्या'ला शोभले असते. तरी जर्मनांनी नाव बदलले नाही. जपानी विद्वानांनी १८३०च्या दशकात डच पुस्तकांवरून रसायन जपानी भाषेत आणले तेव्हा तीच चूक चिनी लिपीत उतरली आणि आजही जपानी मूल ऑक्सिजनला 'आम्लाचे मूलतत्त्व' अशाच अर्थाने ओळखते. पण या चुकीमुळे जर्मन किंवा जपानी रसायनाचे काही अडले नाही.

यातून निघणारी गोष्ट आपल्या शब्दकारांनी मनावर घ्यावी अशी आहे. शब्दाची व्युत्पत्ती अचूक असली पाहिजे हा आग्रह शब्द जन्माला घालताना असतो. शब्द वापरात पडला की व्युत्पत्ती त्याच्या मागे सावलीसारखी राहते, समोर येत नाही. 'गवाक्ष' म्हणताना आपल्याला कुठे बैलाचा डोळा दिसतो?

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. जर्मनांनी सगळे भाषांतरित केले नाही. मूलद्रव्य 'झाउअरश्टॉफ', पण त्याचे संयुग 'ऑक्सिड'. 'कोलनश्टॉफ', पण 'कार्बोनाट'. 'वासरश्टॉफ', पण 'हायड्रिड'. ज्या दोन-चार द्रव्यांशी रोजचा संबंध, त्यांना घरचे नाव. आणि त्यांच्या शेकडो संयुगांना जगाशी जुळणारे नाव. घराची ओसरी आपली आणि मागचा दरवाजा हमरस्त्यावर उघडणारा, अशी ही व्यवस्था आहे.

पूर्वेकडून गेलेले शब्द

जर्मन रसायनाच्या कोशात आपल्याकडून गेलेलेही काही शब्द आहेत. सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार, संस्कृतात टंकण. तिबेटातून हिंदुस्थानच्या वाटेने हा कच्चा क्षार युरोपात जाई आणि त्याचे नाव फारसीच्या मार्गाने 'टिंकाल' होऊन जर्मन खनिजशास्त्रात बसले. वैडूर्य या रत्नाचे प्राकृत रूप ग्रीकमध्ये 'बेरुल्लोस' झाले. त्यावरून बेरिल हे खनिज आले, त्यावरून बेरिलियम हे मूलद्रव्य, आणि चष्म्याला जर्मन माणूस 'ब्रिले' म्हणतो तोही त्याच मुळाचा.

पण सर्वांत बोलकी कथा नीळेची. संस्कृत 'नीली' अरबांकडे 'अन्-नील' झाली आणि पोर्तुगीजांकडे 'अनिल'. १८४० साली फ्रित्झ्शे या जर्मन रसायनज्ञाने नीळ तापवून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला 'अनिलिन' म्हटले. हाच द्रव त्याआधी उन्फरडोर्बेन यांनी नीळेतूनच काढून 'क्रिस्टालिन' म्हटला होता आणि रुंगे यांनी डांबरातून काढून 'क्यानोल'. त्सिनिन यांनी तिसऱ्या वाटेने काढून आणखी वेगळे नाव ठेवले होते. ही सगळी द्रव्ये एकच आहेत हे १८४३ साली हॉफमान यांनी सिद्ध केले, आणि चार नावांतून नीळेचे नाव उरले. १८६५ साली निघालेल्या जर्मन कारखान्याच्या नावातच 'अनिलिन' आहे. बीएएसएफ या आद्याक्षरांतला 'ए' तो. याच कारखान्याने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारमधली नीळेची शेती बघता बघता उताराला लागली. मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला, आणि त्या छळाची दाद लावण्यासाठी १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले. आपला शब्द गेला, रंग होऊन परत आला आणि आपल्याच शेतावर उठला.

रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी तर थेट संस्कृत अंकच उचलले. १८७१ साली त्यांनी न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आणि त्यांना 'एका-अ‍ॅल्युमिनियम', 'एका-सिलिकॉन' अशी नावे दिली. 'एक' म्हणजे त्या रकान्यात पुढचे एक घर. त्यातले एका-सिलिकॉन १८८६ साली फ्रायबेर्गच्या विंक्लर यांना सापडले आणि त्यांनी त्याला आपल्या देशाचे नाव दिले, जर्मेनियम. संस्कृत 'एक' पायउतार झाले आणि त्या घरात जर्मनी राहायला आली.

आपले शब्दकार

आता आपल्याकडे वळू. मराठीत रसायनाची पुस्तके लिहिण्याचे काम एकोणिसाव्या शतकात नेटाने सुरू झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी रसायन आणि पदार्थविज्ञान यांवर मराठीत लिहिले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनज्ञ होते आणि कारागिराला विद्या त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

या पिढ्यांनी घडवलेले शब्द पाहा. ऑक्सिजनला 'प्राणवायू'. आम्लाच्या चुकीत आपण पडलोच नाही; वायूचे काम पाहिले आणि नाव ठेवले. हायड्रोजनला 'उज्ज', उद् म्हणजे पाणी, हे त्यात सरळ दिसते. नायट्रोजनला 'नत्र', सोऱ्याच्या युरोपीय नावाशी ध्वनी जुळवून. फॉस्फरसला 'स्फुरद'. हा शब्द म्हणजे कारागिरीचा नमुना आहे. हेनिग ब्रांड यांनी १६६९ साली हांबुर्गमध्ये मूत्र आटवून अंधारात चमकणारे हे द्रव्य मिळवले होते, आणि त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ 'प्रकाश वाहणारा'. स्फुर् म्हणजे चमकणे. अर्थ साधला, आणि कानाला 'फॉस्फर'चा पडसादही उरला.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशात ही परिभाषा एका पूर्ण व्यवस्थेपर्यंत पोचलेली दिसते. सोडियम तो सिंधु, कॅल्शियम तो खट, क्लोराईड ते हरिद, कार्बोनेट ते कर्बित, नायट्रेट ते नत्रित. इंग्रजीतल्या 'आईड' आणि 'एट' या शेपटांना मराठीच्या 'इद' आणि 'इत' यांनी जागच्या जागी उत्तर दिले आहे. केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन-ज्यू घरातल्या एडिथ कोहन. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. जर्मन पांडित्याचा वारा त्या घराला चांगला परिचित होता.

याच्याही पुढे डॉ. रघुवीर गेले. लाहोरहून ते १९४६च्या सुमारास नागपुरास आले आणि संस्कृत धातूंपासून हजारो शब्द त्यांनी घडवले. ऑक्सिजन 'जारक', कार्बन 'प्रांगार', नायट्रोजन 'भूयाति', क्लोरिन 'नीरजी', ब्रोमिन 'दुराघ्री'. सोडियम 'क्षारातु', पोटॅशियम 'दहातु'. शेवटचे 'आतु' हे धातूची ओळख पटवायला. कार्बन डायॉक्साइड झाला 'प्रांगार द्विजारेय'. या रचनेची शिस्त डोळे दिपवणारी आहे. ब्रोमिनच्या ग्रीक नावाचा अर्थ दुर्गंध, म्हणून दुराघ्री. एकही नाव उगाच ठेवलेले नाही. तरी ही नावे कोशातच राहिली. १९६१ साली केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला आणि मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावेच ठेवावीत असे तत्त्व त्याने धरले.

रघुवीरांची हेटाळणी करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली. पण त्यांच्या शब्दांत दोष कठीणपणाचा नव्हता. झाउअरश्टॉफ म्हणायला सोपा आहे असे कोण म्हणेल? अडचण दुसरीकडे होती. भूयाति हा शब्द ज्याच्या हातातून रोज जाईल असा माणूसच तेव्हा नव्हता. प्रयोगशाळा इंग्रजीत चाले, कारखाना इंग्रजीत चाले आणि परीक्षाही इंग्रजीत होत असे. झाउअरश्टॉफ म्हणणारा जर्मन विद्यार्थी तोच शब्द घेऊन कारखान्यात गेला. भूयाति म्हणणाऱ्याला जायला जागा नव्हती.

याची उलट तपासणी शेतात होते. महाराष्ट्रातला शेतकरी आजही 'नत्र, स्फुरद, पालाश' म्हणतो. कृषिविद्यापीठाची शिफारस, कृषिसेवा केंद्रातला सल्ला, बांधावरचे बोलणे, सगळीकडे हे तीन शब्द आहेत. पिकाला लागणाऱ्या खनिज अन्नाचे शास्त्र १८४०पासून ज्यांनी जगापुढे मांडले ते लीबिग जर्मन. पालाशाच्या खाणी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चालल्या त्या जर्मनीतल्या श्टासफुर्टला. हवेतल्या नत्रापासून खत करण्याची रीत फ्रित्स हाबर यांची, तिचा पहिला कारखाना १९१३चा. शास्त्र तिकडून आले, शब्द मात्र इथले टिकले, कारण ते शेतकऱ्याच्या हाती खताबरोबर पडले. 'उज्ज' त्याच टांकसाळीतून निघाला होता. पण उज्जाचे पोते कोणी घरी आणले नाही. 'प्राणवायू' मध्ये उभा आहे. २०२१च्या महासाथीत वृत्तपत्रांचे मथळे प्राणवायूचे होते आणि सिलिंडरसाठी धावणारी माणसे ऑक्सिजन म्हणत होती.

ग्वाल्हेरचे आपण

हे सारे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कशासाठी सांगायचे? कारण शब्दांच्या सीमेवर आपण राहतो. १९५६च्या नोव्हेंबरात राज्ये नव्याने आखली गेली. रघुवीरांचे नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मध्य भारताची हिवाळी राजधानी असलेले ग्वाल्हेर नव्या मध्य प्रदेशात आले. तेव्हापासून आपल्या मुलांचे शास्त्र हिंदीत किंवा इंग्रजीत आहे आणि मराठी घरात. या विभागणीत एक खरा खड्डा आहे, तो दाखवतो.

मराठी पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी आहे. आम्लारी म्हणजे आम्लाचा शत्रू, आणि दोघांच्या संयोगाने होतो तो क्षार. हिंदी पुस्तकात याच त्रयीला अम्ल, क्षारक आणि लवण म्हणतात, आणि 'क्षार' म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक. म्हणजे मराठीतला क्षार हा हिंदीतला लवण, आणि हिंदीतला क्षार हा मराठीतल्या आम्लारीच्या घरचा. पुण्याच्या मावशीकडून आलेले मराठी पुस्तक आणि इथल्या शाळेचे हिंदी पुस्तक शेजारी ठेवून अभ्यास करणारे मूल या एका शब्दावर आपटणार. शब्द तोच, लिपी तीच, म्हणून संशयही येत नाही. परका शब्द निदान आपण परका आहे हे सांगून येतो. असा सख्खा शब्द न सांगता फसवतो. हाही एक चकवाच.

दुसऱ्या बाजूला जोडणारे धागेही आहेत. मध्य प्रदेशच्या शेतीविषयक हिंदीत 'नत्रजन, स्फुर, पोटाश' म्हणतात. 'स्फुर' आणि आपला 'स्फुरद' हे सख्खे शेजारी आहेत हे कोणालाही ऐकू येईल. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली. शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जोडीला त्यांत जीवरसायनही आहे. त्यांत पारिभाषिक शब्द बहुतांशी इंग्रजीच आहेत, देवनागरीत लिहिलेले. यावर काहीजण हसले. जर्मनांचा हिशोब डोळ्यांपुढे ठेवला तर हसण्याचे कारण नाही. वाक्य आपले आणि संयुगाचे नाव जगाचे, ही व्यवस्था त्यांनी सव्वादोनशे वर्षे चालवली आहे. कसोटी पुस्तकातल्या शब्दांची नाहीच. ते पुस्तक वाचलेला डॉक्टर रुग्णाशी, परिचारिकेशी आणि परीक्षकाशी त्या भाषेत बोलू शकेल का, ही खरी कसोटी आहे. शब्दाला पुढे जायला जागा असेल तर तो जगेल.

मग आपण काय करावे? नवे शब्द पाडण्याचे काम आपल्या सभेचे नाही आणि त्याची आज निकडही नाही. आपल्या हाती असलेले एक काम मात्र कोशकारांच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी रसायनाचे कितीतरी हातचे शब्द अजून आहेत: तुरटी, मोरचूद, नवसागर, टाकणखार, सोरा, पापडखार, कळीचा चुना. त्यांचे हिंदी सोबती बाजारात आहेत: फिटकरी, नीला थोथा, नौसादर, सुहागा, शोरा. आणि शाळेच्या पुस्तकात त्यांची तिसरी नावे आहेत: पोटॅश अ‍ॅलम, कॉपर सल्फेट, अमोनियम क्लोराईड, बोरॅक्स, पोटॅशियम नायट्रेट. पाण्यात तुरटी फिरवणारी आजी आणि अ‍ॅलमचे सूत्र पाठ करणारी नात एकाच घरात राहतात आणि दोघी एकाच पदार्थाबद्दल बोलत आहेत हे दोघींनाही ठाऊक नसते. तीन रकान्यांची एक यादी करावी: घरचे नाव, बाजारचे नाव, पुस्तकातले नाव. एका हिवाळ्यात होण्यासारखे हे काम आहे. त्या यादीच्या टिपेत मराठी क्षार आणि हिंदी क्षार यांचा घोटाळाही स्पष्ट लिहून ठेवावा.

ब्रांट आणि क्रोन्श्टेट यांनी नवे धातू ओळखले तेव्हा त्यांना हवी तशी भारदस्त नावे ठेवता आली असती. त्यांनी खाणकामगाराचा शब्द उचलला, आणि तो आज जगाच्या प्रत्येक भाषेत आहे. आपल्या सराफ्यात, वैद्याच्या बटव्यात आणि पापडाच्या पिठात असे शब्द अजून पडलेले आहेत. ते बोलणारी माणसे आहेत तोवर लिहून घेतले पाहिजेत.